ओफेलियाचा कूलर

ओफेलिया बारागानने तीस वर्षं फ्रेस्नो शहरातल्या छपरांवर कूलर बसवले. उन्हाळ्यात तिथला पत्रा हात लावू देत नाही, म्हणून उजाडायच्या आत चढायचं आणि ऊन तापायच्या आत उतरायचं. काम सोडल्यावर उरलेल्या पत्र्यातून तिने चार चाकांचा एक दांडगा कूलर स्वतः बनवला आणि बाजूला आपलं नाव ठोकलं. दर जूनमध्ये, प्राइडच्या म्हणजे समलिंगी लोकांच्या उत्सवाच्या शनिवारी, तो लमारच्या बारमागच्या आवारात म्हाताऱ्यांच्या बाकांसमोर चालायचा. भाडं ती घेत नसे.

तिची जोडीदार नॅडीन याच बारमध्ये सिगारेट ओढायला लागली, विशीत. सिगारेट कंपनीची माणसं यायची, हसायची, नावाने हाका मारायची आणि मेंथॉलचं, म्हणजे पुदिन्याच्या गार अर्काच्या सिगारेटचं पाकीट एका डॉलरला द्यायची. तेव्हा या बारमधल्या पोरींशी बाहेरचं दुसरं कोणी गोड बोलत नव्हतं. मेंथॉलने घसा गार पडतो, ठसका लागत नाही, धूर खोल जातो. नॅडीन सेहेचाळिसाव्या वर्षी गेली. फुप्फुसं. तिच्या वाढदिवसाला कंपनीची सवलतीची कूपनं मात्र येतच राहिली. ओफेलियाने दोनदा फोन करून बाई मेल्याचं सांगितलं. तिसऱ्यांदा केला नाही. मनात ठेवलं.

ओफेलियाच्या घरात, मागच्या खोलीत तावी राहत होता. बावीस वर्षांचा. त्याला मुलगे आवडतात हे कळल्यावर बापाने घराबाहेर काढलं होतं. तिला तो तिया म्हणायचा, म्हणजे मावशी. तोही मेंथॉलवाला. ती वर्षभर बडबडली, काही उपयोग झाला नाही. मग राज्याने मेंथॉल सिगारेट विकायला बंदी घातली. साधी सिगारेट त्याच्या घशाला लागायची. महिन्याभरात सुटली. जे तिला जमलं नाही ते कायद्याने केलं, याचं तिला वाईट वाटलं नाही.

मे महिन्यात तो नवं पाकीट घेऊन आला.

"यात मेंथॉल नाहीये, तिया. लिहिलंय वर."

"दे इकडे." नॅडीन गेल्यापासून तिने सिगारेट हातात धरली नव्हती. एक झुरका घेतला, सोडला. "पुदिन्याचा वास नाही."

"तेच तर सांगतोय."

"पण घसा गार पडला."

"मग? गार पडणं गुन्हा आहे का?"

"तुला नाही विचारणार. ज्याने हे काढलं त्याला विचारेन."

"हे वाटतो तो कंपनीचा माणूस, ट्रेंट. फार चांगला आहे. माझं नाव लक्षात ठेवतो."

ओफेलियाने सिगारेट चिरडली. नाव लक्षात ठेवणारी माणसं तिने पाहिली होती.

प्राइडच्या शनिवारी सकाळी तिने कूलर बाकांसमोर लावला, टाकी भरली आणि जेवायला घरी गेली. दुपारी परतली तर म्हातारे उन्हात बसलेले आणि कूलर गायब.

"ओफेलिया," ओला रुमाल डोक्यावर टाकून बसलेला एक म्हातारा म्हणाला, "आम्हाला नुसतं भाजणार की वर मीठही टाकणार?"

आवाराच्या टोकाला कंपनीचा निळाहिरवा मंडप होता. चारी बाजूंनी बंद. आतून तिच्याच पंख्याची घरघर येत होती. बाहेर पोरापोरींची रांग.

लमार तिला बघून आधीच हात वर करून आला. "ओफी, बँडचा खर्च त्यांनी केलाय. एक दिवसाचा प्रश्न आहे."

"मला विचारलंस?"

"तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणजे उत्तर माहीत होतं तुला."

मंडपाच्या दाराशी कंपनीचा शर्ट घालून तावी उभा होता. तिला पाहून त्याने मान खाली घातली. "एका दिवसाचं काम आहे, तिया."

आत गारेगार होतं. गार वाऱ्यापुढे पोरं माना वर करून उभी होती आणि ट्रेंट एकेकाच्या फोनवर सिगारेटची सवलत टाकत होता. गोरा, हसरा, इस्त्रीचा शर्ट.

"आत यायला ओळखपत्र लागतं हं, मॅडम."

तिने काढून दिलं. "नीट वाच. तेच नाव त्या पत्र्यावर आहे." आणि तिने वायर उपटली.

पंखा थांबला. बंद कापडात ऊन उतरायला वेळ लागला नाही.

"आपण बोलू या का?" ट्रेंट म्हणाला.

"बोल. नॅडीन टॉलिव्हर. ओळखतोस?"

"नाही."

"दर वर्षी वाढदिवसाला आठवण काढता तिची. सात वर्षं झाली पुरून."

तिने दांडा धरला आणि कूलर ओढत बाहेर काढला. दारापुढच्या गटाराच्या जाळीत पुढचं चाक रुतलं. टाकी भरलेली. तिने पाय रोवून एकदा उचलून पाहिलं, दुसऱ्यांदा पाहिलं. चाक निघालं नाही. रांगेतलं कोणी हललं नाही. त्यांना वाटलं बाई कामावरची आहे. टाकी रिकामी केली असती तर हलका झाला असता, पण मग बाकांपाशी पाण्याशिवाय तो नुसती गरम हवाच फेकणार होता.

"तावी, ते टोक धर."

"जागेवरून हललास तर आजचे पैसे विसर," ट्रेंट म्हणाला. हसू तेच होतं.

तावी दोघांकडे बघत राहिला. "हे माझ्यासाठी करतेस की नॅडीनसाठी?"

"तिच्यासाठी."

"निदान खोटं तरी बोल."

"उचल."

त्याने शिवी हासडली आणि वाकला. "मी सिगारेट सोडली असं समजू नकोस."

"नाही समजत. पाठीने नको, गुडघ्यांनी जोर लाव."

चाक सुटलं. दोघांनी मिळून कूलर बाकांपर्यंत नेला. पाणी हिंदकळून तावीचा निळाहिरवा शर्ट भिजला; त्याने तो काढून बाकाखाली फेकला. पंखा सुरू झाला तशी रांग मोडली आणि पोरं म्हाताऱ्यांच्या पायाशी येऊन बसली. मंडपात ट्रेंट एकटा राहिला.

थोड्या वेळाने तोही आला. शर्ट पाठीला चिकटलेला, चेहरा लालबुंद. शेवटच्या बाकाशी, जिथे वारा पोचत होता तिथे उभा राहिला.

ओफेलिया उठली. कूलरच्या तोंडावरच्या, वारा वळवणाऱ्या पट्ट्या तिने बोटभर डावीकडे वळवल्या. ट्रेंट दोन पावलं सरकला. तिने पुन्हा वळवल्या. तो पुन्हा सरकला.

"दिवसभर हेच करणार का?" तावीने विचारलं.

"टाकी संध्याकाळपर्यंत पुरते," ती म्हणाली आणि स्टूल ओढून पट्ट्यांपाशी बसली.