उत्तर येईपर्यंत थांब

तातडीच्या उपचारांच्या परीक्षेत पहिल्या वेळी मी नापास कशामुळे झाले, हे सांगायची मला वर्षभर लाज वाटत होती. लेखी पेपर चांगले गेले होते. प्रात्यक्षिकात आपटले, आणि तेही ज्या गोष्टीची मला सगळ्यात जास्त घमेंड होती, तिथेच.

मी परळच्या एका मोठ्या रुग्णालयात, तातडीच्या विभागात डॉक्टर आहे. कोणी अपघात होऊन येतं, कोणी छाती धरून. आमच्या विभागातल्या सिस्टर तिथे माझ्या कित्येक वर्षं आधीपासून आहेत. मी भुवई उचलली की त्यांच्या हातात इंजेक्शन तयार असतं. मी हात पुढे केला की नळी हातात पडते. आम्ही दोघी काम करत असलो की खोलीत फक्त मशीनचा आवाज असतो. नवे डॉक्टर बघत उभे राहायचे आणि मला त्याचं भारी कौतुक वाटायचं. बडबड करतात त्यांना काम येत नाही, असं माझं ठाम मत होतं.

परीक्षेत टेबलावर प्लॅस्टिकचा पुतळा होता, हृदय बंद पडलेला. दोन अनोळखी मदतनीस दिलेले आणि कोपऱ्यात परीक्षक कागद घेऊन बसलेले. मी छाती दाबायला लावली, शॉक दिला आणि नेहमीच्या हळू आवाजात, पुतळ्याकडेच बघत म्हणाले, “अ‍ॅड्रेनलीन द्या.” एकाने औषध भरून ठेवलं. दुसऱ्याला वाटलं, पहिल्याने ते दिलंही. मी पुढच्या गोष्टीला लागले. घंटा झाली तेव्हा भरलेली सिरिंज ट्रेमध्ये तशीच पडून होती. मी ती पाहिली आणि परीक्षकांनीही पाहिली.

आमच्या विभागप्रमुखांनी मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं, “वरिष्ठ डॉक्टरची एक जागा आहे. पुढच्या निकालापर्यंत मी ती अडवून ठेवू शकतो. त्यापुढे नाही, बाहेरून माणूस घ्यावा लागेल.” म्हणजे आणखी एकच संधी. मला ती जागा हवी होती. त्या विभागावर माझा जीव आहे, दुसरीकडे कुठे काम करण्याची कल्पनासुद्धा मला सहन होत नव्हती.

मी पुन्हा पुस्तकांत डोकं खुपसलं. सुटीच्या दिवशी ठाकूरद्वारच्या एका अभ्यासिकेत जाऊन बसायचे. भिंतीवर ‘शांतता राखा’ची पाटी, आणि पंख्याखाली मी ओठ न हलवता उजळणी करत असायचे. ज्या दुखण्याने पाडलं तेच मी औषध म्हणून घेत होते, पण हे मला कळत नव्हतं.

कळलं ते आईच्या खानावळीत. लालबागच्या एका गल्लीत आईची छोटी खानावळ आहे. सहा टेबलं, आत चुलीपाशी दोन मावश्या. आई बाहेरून ओरडते, “दोन सुरमई, एक सोलकढी!” आणि आतून आवाज येतो, “दोन सुरमई, एक सोलकढी!” तो आला की मगच आई दुसऱ्या टेबलाकडे वळते. लहानपणापासून हा गोंगाट ऐकत आले होते. मैत्रिणींसमोर मला त्याची लाजच वाटायची.

त्या दुपारी मी कोपऱ्यातल्या टेबलावर जेवत होते. आईने “तीन नंबरला एक साधं ताट!” म्हणून सांगितलं आणि आतून काहीच आलं नाही. गर्दी होती, गिऱ्हाईक हाका मारत होतं, पण आई जागची हलली नाही. मान आत घालून तिने धाकट्या मावशीला नावाने हाक मारली, तिच्या डोळ्यांत बघून पुन्हा तेच सांगितलं, उत्तर घेतलं आणि मग वळली.

मी विचारलं, “एवढं कशाला? ऐकलं असेल की त्यांनी.”

“असेल म्हणून काय झालं?” आई म्हणाली. “एकदा अशीच ‘असेल’ म्हणून पुढे गेले. माळकरी माणूस होता, गळ्यात तुळशीची माळ, आणि त्याच्या पुढ्यात बांगड्याचं तिखलं गेलं. न जेवता उठला बिचारा. तेव्हापासून उत्तर आल्याशिवाय मी हलत नाय.”

माझा घास हातातच राहिला. परीक्षेच्या पुस्तकात याच गोष्टीला एक भारदस्त इंग्रजी नाव होतं, मी ते पाठ केलं होतं. आईने त्याचं नावही ऐकलेलं नव्हतं आणि ती ते रोज दोन वेळा करत होती.

मी तिला ट्रेमध्ये राहिलेल्या सिरिंजची गोष्ट सांगितली. कोणालाही न सांगितलेली. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “उद्यापास्नं दुपारी ये. साडेतीन ते सहा खानावळ बंदच असते.”

अशी माझी शिकवणी सुरू झाली. बाकड्यावर तांदळाची गोणी आडवी केली, तिला एप्रन बांधला. ती पेशंट. दोन्ही मावश्या मदतनीस. कोकमाच्या आगळाची बाटली म्हणजे अ‍ॅड्रेनलीन, पातेल्यांची दोन झाकणं म्हणजे शॉकचं मशीन. आई हातात डाव घेऊन परीक्षक.

“मोठ्याने!” आई डाव आपटायची. “तू सांगतस कोणाक? भिंतीक? नाव घे तिचं.”

मी आवाज चढवायचे. दोन वाक्यांत तो पुन्हा घशात जायचा. एकदा मी खरंच जोरात ओरडले, “हृदय बंद पडलंय, सगळे बाजूला व्हा, शॉक देतेय!” तेवढ्यात बंद दार ढकलून एक गृहस्थ सोलकढी मिळेल का विचारायला आत आले. त्यांनी झाकणं उगारलेली मावशी पाहिली आणि आल्या पावली परत गेले. मावश्या पोट धरून हसल्या.

पण एके दिवशी थोरल्या मावशीने मुद्दाम उत्तर दिलं नाही. मी सांगितलं, ती नुसती बाटली धरून उभी राहिली आणि मी सवयीने पुढे निघून गेले. आईने डाव खाली ठेवला. “मेला तुझा पेशंट.”

राग तर माझ्या नाकावरच असतो. “ही परीक्षा आहे, ताटं वाढायची नाहीत!” असं काहीबाही बोलून मी बाहेर पडले आणि तरातरा चिंचपोकळी स्टेशनच्या पुलापर्यंत चालत गेले. तिथे कठड्याला टेकून उभी राहिले तेव्हा राग गेला आणि नुसती भीती उरली. पुन्हा असंच होणार, असं वाटलं. डोळे भरून आले.

परतले तेव्हा मावश्या घरी गेल्या होत्या. आई टेबलं पुसत होती. मी सॉरी म्हणायला तोंड उघडलं, तर तीच म्हणाली, “गो, चूक माझी आहे.”

“तुझी कसली चूक?” मी विचारलं.

“तुझे बाबा रात्रपाळी करून यायचे, दिवसा झोपायचे. एवढीशी खोली. तू मोठ्याने वाचायला लागलीस की मी तुझ्या तोंडावर हात ठेवायचे. कविता पण तू ओठांतल्या ओठांत पाठ केल्यास. तुला गप्प बसायला मीच शिकवलं. आता बोलायला पण मीच शिकवणार.”

बाबा आता गावी असतात, आंब्याच्या कलमांची राखण करतात, आणि तिथे दिवसभर रेडिओ लावून ठेवतात. मी हसले, आणि रडलेही. मग आम्ही दोघींनीच, गोणी पुन्हा बाकड्यावर टाकून, पहिल्यापासून सुरुवात केली. त्या दिवशी उत्तर येईपर्यंत मी प्रत्येक वेळी थांबले.

विभागातही मी तोंड उघडायला लागले. पहिल्या दिवशी सिस्टरना वाटलं मी रागावलेय. “डॉक्टर, मी काय बहिरी आहे का?” त्यांनी विचारलं. मी त्यांना सगळं खरं सांगितलं. तेव्हापासून त्या माझ्यापेक्षा मोठ्या आवाजात उत्तर देतात.

परीक्षेच्या दिवशी माझ्या वाट्याला कोळंबी खाऊन अंगावर पित्ताच्या गांधी उठलेला, श्वास कोंडलेला पेशंट आला. पुन्हा पुतळा, पुन्हा दोन अनोळखी माणसं. परीक्षा इंग्रजीतच असते, इथे मराठीत सांगते. मी आधी त्या दोघांची नावं विचारली. मग त्यांतल्या एकीकडे बघून, तिचं नाव घेऊन म्हणाले, “अ‍ॅड्रेनलीन, अर्धा मिलिग्रॅम, मांडीच्या स्नायूत.”

ती काही बोलली नाही. तिने सिरिंज उचलली आणि हाताच्या शिरेकडे वळली.

घड्याळ पळत होतं आणि ऑक्सिजन अजून लावायचा होता. माझे पाय पुढच्या कामाकडे निघालेच होते. पण मी जागची हलले नाही. “थांबा. काय देताय ते मला सांगा.”

“एक मिलिग्रॅम, शिरेतून.”

हृदय चालू असताना एवढा डोस शिरेतून दिला तर जिवावर बेततं. तिला बहुधा परीक्षकांनीच तसं चुकायला सांगून पाठवलं होतं. “नाही. अर्धा मिलिग्रॅम, मांडीच्या स्नायूत,” मी खानावळीतल्या आवाजात म्हणाले.

“अर्धा मिलिग्रॅम, मांडीच्या स्नायूत,” ती म्हणाली. मगच मी ऑक्सिजनकडे वळले.

निकाल लागला तेव्हा मी ड्युटीवर होते. दुपारची वेळ, खानावळीत गर्दीचीच. सिस्टरना ‘दोन मिनिटांत येते’ असं सांगून मी जिन्यात आले आणि आईला फोन लावला. मागे ताटांचा आवाज येत होता.

“आई, पास झाले.”

पलीकडून काहीच आलं नाही. मी फोन कानाला घट्ट धरून थांबले.

“पास झालीस,” आई म्हणाली. मग तिने फोन तसाच हातात धरून आत वळून हाक दिली, “पोरगी पास झाली!”

आणि चुलीजवळून दोन्ही मावश्यांनी एका दमात उत्तर दिलं, “पोरगी पास झाली!”