दोन इंच माया

आमच्या वाचनालयात नाटकाच्या पुस्तकांचं कपाट खिडकीजवळ आहे. नेपथ्य, वेशभूषा, प्रकाशयोजना असल्या विषयांवरची जाडजूड पुस्तकं, तीही परक्या भाषेतली, त्यामुळे तिकडे कोणी फिरकत नसे. एके दिवशी तिथे टेलरमास्तर दिसले. नाटक कंपनीच्या कपडेपटात त्यांनी अडतीस वर्षं मशीन चालवलं. निवृत्त झाले तरी कॉलरच्या आत दोरा ओवलेली सुई टोचलेली असायचीच. त्यांची मुलगी शाळेत माझी विद्यार्थिनी होती. आता ती परदेशात नाटकांची वेशभूषा करते.

“बाई, एवढं वाचून दाखवाल?” त्यांनी हळूच विचारलं.

“दाखवते की. पण तुम्हाला आता कशाला हवं हे?”

“रविवारी चारला तिचा फोन येतो. तिची आई होती तोवर फोन तिच्याच कानाला. मी आपला शेवटी ‘बरी आहेस ना’ म्हणायचा धनी. आता सगळा फोन माझा, आणि तो दोन मिनिटांत संपतो. जेवलीस का? जेवले. थंडी आहे का? आहे. मग ती म्हणते, ‘ठेवू का?’” मास्तर पुस्तकाच्या पुठ्ठ्यावरून हात फिरवत राहिले. “तिच्या कामातलं काही विचारता आलं, तर थांबेल जरा.”

मग रोज दुपारी आमचा अभ्यास सुरू झाला. “एक मास्तर, एक बाई. शाळाच भरली म्हणायची!” ग्रंथपाल म्हणाले.

विद्यार्थी हुशार, पण भांडखोर. लाल कापड निळ्या प्रकाशात काळं दिसतं, हे पुस्तकाने तीन पानं खर्चून समजावलं होतं. “आम्हाला एका प्रयोगात समजलं,” मास्तर म्हणाले. “राणी लाल झग्यात आली, वरून निळा दिवा. लोकांना वाटलं, शोकाचा काळा झगा, म्हणजे राजा गेला. आणि पुढच्या प्रवेशात राजा हसत हजर!”

शिवणीच्या आत जास्तीचं कापड किती ठेवावं, याचंही एक कोष्टक होतं. त्यात लिहिलं होतं, अर्धा इंच.

“अर्धा इंच? ही काय माया झाली?” मास्तर जवळजवळ ओरडलेच. ग्रंथपालांनी चष्म्यावरून पाहिलं. “नट जाड होतो, बारीक होतो, आजारी पडतो, त्याच्या जागी दुसरा येतो. मी दोन इंच माया सोडायचो. उसवलं की झालं.”

एका शब्दावर मात्र ते अडले. सिल्हूट. लांबून दिसणारा पोशाखाचा बाह्य आकार, असा मी अर्थ सांगितला. “मग लांबून म्हणा की,” असं म्हणत त्यांनी तो शब्द चिठ्ठीवर लिहून घेतला. लिहिलं ‘शिलाऊट’.

रविवारी त्यांनी मला घरी बोलावलं. “जवळ बसा. अडलो तर मागून शब्द द्या.” एकच खोली. फोन शिलाई मशीनवर, त्याखाली चिठ्ठी. चार वाजून पाच मिनिटांनी तो वाजला. मलाही ऐकू यावं म्हणून त्यांनी स्पीकर लावला. जेवण झालं, थंडी झाली. मास्तरांनी घसा साफ केला.

“तुझ्या नाटकातलं शिलाऊट कसं आहे?”

“काय कसं आहे?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पुटपुटले. त्यांनी पुन्हा ‘शिलाऊट’च म्हटलं. तिकडून हसू आलं. “बाबा, हे कुठून काढलंत? बरं, ठेवू का? खूप काम पडलंय.”

“कसलं काम?” चिठ्ठीवर नसलेला प्रश्न.

“नायिका बदलली. नवी अंगाने भरलेली आहे, परवा प्रयोग आहे, आणि झगा उसवला तर आत कापडच नाही.”

“माया नाही सोडलीस?”

“इथे मशीनवर बेतून कापून येतं, बाबा.”

“बरं. रडू नको.” ती रडत होती हे मला कळलंही नव्हतं. “दोन्ही बाजूंना काखेपासून खालपर्यंत पट्टी घाल. त्याच रंगाची नको, जरा गडद. लांबून कंबर बारीक दिसते. दिवे कुठले आहेत? निळे असतील तर आधी दिव्याखाली धरून बघ.”

“थांबा, लिहून घेते. पट्टी किती रुंद?”

पाऊण तास चाललं. मास्तर हवेतच कापड दुमडून दाखवत होते, जसं काही तिला ते दिसतच होतं. मी चिठ्ठीची घडी घालून ठेवली आणि पायात चपला सरकवल्या. त्यांचं लक्षही नव्हतं.

आठ दिवसांनी, सोमवारी ते वाचनालयात आले ते जरा उशिराच.

“काय मास्तर, काल काय म्हणाली?”

“प्रयोग छान झाला. पट्ट्या कुणाच्या लक्षातसुद्धा आल्या नाहीत.” त्यांनी खुर्ची ओढली. “दोन मिनिटं बोलली. आता झगा बसतोय ना.”

मी कपाटातून पुस्तक काढून आणलं.

“जाता जाता म्हणाली, पुढच्या नाटकात समुद्र आहे,” ते म्हणाले. “समुद्राचं पान काढा, बाई. आम्ही निळं कापड दोन टोकांना धरून हलवायचो. कंपनीत माणूस कमी असला की दुसरं टोक हिच्याकडे. एवढीशी होती, पण लाट काय सुरेख काढायची.” ते पुस्तकाकडे बघत राहिले. “एकट्या माणसाला समुद्र करता येतो का, तेवढं बघा. रविवारपर्यंत.”