मामाने सुकाणू सोडलं तो दिवस

ओरोसच्या ऑफिसात जेवणाचा डबा उघडत होते, तेवढ्यात शेजारच्या टेबलावरचा फोन वाजला. फोन माझ्यासाठी होता. पलीकडून मामीची शेजारीण बोलत होती. बाबल मामा सकाळी जाळं सांधत बसला होता, छातीत कळ आली म्हणून उठून घरी आला, मामीकडे पाणी मागितलं आणि ते आणीपर्यंत गेला. "बेगीन येवा," म्हणून तिने फोन ठेवला. मालवणच्या गाडीत बसले, तरी मला रडू आलं नव्हतं. कट्टा गावच्या स्टॉपवर एक बाई रिकामी टोपली घेऊन चढली. ओल्या मासळीचा वास गाडीत पसरला आणि मग मात्र मालवण येईपर्यंत मी खिडकीकडे तोंड करून बसले... त्याला आता सहा आठवडे झाले.

मामा म्हणजे माझ्या आईचा धाकटा भाऊ. नाव रघुनाथ, पण सगळा किनारा त्याला बाबल तांडेल म्हणायचा. होडी चालवायची, कुठे जाळं टाकायचं ते ठरवायचं आणि सहा खलाशांना धड घरी आणायचं, हे तांडेलाचं काम. ते त्याने तीसेक वर्षं केलं. बोलणं कमी, हट्ट भारी. दुखतंय असं तोंडातून काढणं त्याला कमीपणाचं वाटे. म्हणूनच २००७ च्या उन्हाळ्यात मामीने मला निरोप धाडला, "तुझो मामा शर्ट घालूक देणा नाय, येवन बघ," तेव्हा मी त्याच दिवशी गेले.

डाव्या बरगडीवर त्याला नागीण झाली होती. गेरू लावून झाला होता, कुणाकडून उतरवूनही झाली होती. फोड सुकले, खपल्या पडल्या, आणि आत आग तेवढी उरली. वाऱ्याने पंचा हलला तरी तो दचकायचा. उघड्या अंगाने, डावा हात वर धरून ओटीवर बसलेला मामा मला ओळखूच आला नाही. ओरोसच्या दवाखान्यात चल म्हटल्यावर त्याने नाही म्हटलं नाही, तेव्हाच मला दुखण्याचा अंदाज आला.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण घाई करणाऱ्या नव्हत्या. फोड गेले तरी त्या जागेची नस दुखावलेली राहते, असं त्यांनी समजावलं. रक्त तपासायला सांगितलं, कारण नसेची आग शमवायला जे औषध द्यायचं, ते लघवीवाटे बाहेर जातं आणि मूत्रपिंड कमजोर असेल तर मात्रा कमी ठेवावी लागते. मग लहानात लहान कॅप्सूल, आधी फक्त रात्रीची. फिटच्या रोग्यांना, काही वेळा फार भीती वाटणाऱ्यांनाही हेच देतात, म्हणाल्या. झोप येईल, चक्कर येईल, पाय सुजले किंवा मन फारच उदास झालं तर लगेच यायचं. दारू नाही, झोपेची दुसरी गोळी नाही. आणि बरं वाटलं म्हणून आपल्या मनाने एकदम बंद करायचं नाही. मामा कचेरीत बोलायचा तसं जपून, पुस्तकी मराठीत बोलला. त्याचा प्रश्न एकच होता, "मला दर्यात जायला मिळेल का?" सध्या नाही, असं त्या म्हणाल्या. अंगाला औषधाची सवय झाली, गुंगी येईनाशी झाली, की पुन्हा बघून ठरवू.

घरी येऊन मी हे सगळं मामीला दोनदा सांगितलं. मामाला काय समजलं, ते विचारायचं मात्र राहून गेलं. ती चूक माझी, आणि ती मला अजून टोचते.

पहिले काही दिवस तो पेंगायचा, उठताना भिंतीला हात लावायचा. हळूहळू गुंगी कमी झाली, आगही कमी झाली. श्रावणात तो सदरा घालून देवळात गेला, तेव्हा मामीने मुद्दाम फोन करून कळवलं. पण त्याच्या डोक्यात एकच वाक्य बसलं होतं, की कॅप्सूल आहे तोवर दर्या नाही. नारळीपौर्णिमा जवळ आली, होड्या रंगवून तयार झाल्या, आणि मामाने कुणाला न सांगता कॅप्सूल घेणं बंद केलं. तीनेक महिने चाललेलं औषध, एका दिवसात बंद. मामी रोज पाणी द्यायची. तो कॅप्सूल मुठीत ठेवून नुसतं पाणी प्यायचा.

पुढचं मला गजाननने सांगितलं. गजानन म्हणजे त्याच्या होडीवरचा चाळिशीचा खलाशी. औषध सोडल्याच्या तिसऱ्या दिवशी होडी निघाली तेव्हाच मामाला दरदरून घाम सुटला होता, दोन दिवस डोळ्याला डोळा लागला नव्हता. जाळं ओढून झालं, परत फिरले, तोवर त्याला उलट्या सुरू झाल्या आणि बरगडीतली आग दुपटीने परतली. आमच्या बंदराच्या तोंडाशी पाण्याखाली खडक आहेत. मधल्या अरुंद वाटेने होडी आत घ्यायची ती तांडेलानेच, दुसऱ्या कुणी ती कधी घेतलीच नव्हती. खडक जवळ आले तसं मामाने इंजिन मंद केलं, स्वतःच्या हातांकडे पाहिलं आणि गजाननला हाक मारली.

"सुकान धर. माझे हात कापतत. आज तुमचे जीव माझ्या हातात नको."

गजानन घाबरला. मामा त्याच्या पायांशी फळीवर बसला आणि तिथून एकेक वळण सांगत गेला. उजवीकडे घे, थांब, लाट जाऊ दे, आता चल... किनाऱ्याला लागल्यावर त्याने सगळ्यांसमोर सांगितलं, की औषध मी चोरून सोडलं होतं, चूक माझी. तीस वर्षं ज्याच्या शब्दावर माणसं समुद्रात गेली, त्याला हे बोलायला काय लागलं असेल, याचा मी पुष्कळदा विचार करते.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. औषध पुन्हा सुरू केलं आणि या वेळी त्याच्याकडूनच सगळं वदवून घेतलं. सोडायचं झालं तर आठवड्या-आठवड्याने कमी करत सोडायचं, हेही त्याने शाळेतल्या मुलासारखं म्हणून दाखवलं. महिन्याभराने तपासून त्यांनी त्याला होडीवर जायची परवानगी दिली. पण मामा सुकाणूला बसला नाही. जाळ्यापाशी बसायचा आणि गजाननला वाट शिकवायचा. आग पुरती थांबल्यावर पुढच्या वर्षी बाईंनी मात्रा हळूहळू उतरवत औषध बंद केलं, तरी सुकाणू त्याने गजाननकडेच ठेवलं.

मधल्या काळातली एक गोष्ट सांगायला हवी. त्याचा बालमित्र भिकू कंबरदुखीने वाकला होता. मामाला गुण आला ते पाहून त्याने दोन कॅप्सूल मागितल्या. भिकू रोज संध्याकाळी दारू घेणारा. मामा म्हणाला, "ता माझ्या नावान लिवलेला आसा. तुका दिवचंय नाय." ज्याच्याबरोबर एका ताटात जेवला, त्याला दोन कॅप्सूल नाकारल्या! भिकूने बोलणं टाकलं. महिनाभर दोघे एकाच किनाऱ्यावर पाठी फिरवून बसायचे. मामा घरी येऊन दोन घास कमीच जेवायचा. मग एका सकाळी तो भिकूच्या दारात उभा राहिला, त्याला उठवून गाडीत घातलं आणि ओरोसला आणलं. माझ्याकडे चहाला आले तेव्हा दोघे एकमेकांना शिव्या देत होते. भिकूचं दुखणं वेगळं निघालं, औषधही वेगळं. मामा गेला तेव्हा खांदा द्यायला सगळ्यांत पुढे भिकूच होता. वाकलेल्या कमरेने.

परवा मामीला भेटायला गेले होते. किनाऱ्यावरून येताना मामाची होडी बाहेर पडताना दिसली आणि गजानन मात्र वाळूत बसून जाळ्यातला कचरा काढत होता. नाक लाल, गळ्याला रुमाल. मी विचारलं तर म्हणाला, सर्दीची गोळी घेतलीय, झोप येते, म्हणून आज सुकाणू दुसऱ्याकडे दिलं. पलीकडे दोघेतिघे त्याच्याकडे बघून हसत होते. साध्या सर्दीसाठी किनाऱ्यावर बसलास, लाज नाही वाटत? असं मी थट्टेने विचारलं.

तो जाळ्यातून वर न बघता म्हणाला, "तांडेलाक नाय वाटली. माका कित्याक वाटतली?"