तेल गोठेपर्यंत

पागेसर गेल्याचा फोन आला तेव्हा नुकता कार्तिक लागला होता आणि माझ्या डोक्यावर पंखा फिरत होता. ते कृषी महाविद्यालयात माती शिकवायचे. त्याच महाविद्यालयात नोकरीसाठी मी इंदूरला आलो, तेव्हा शेजारच्या टेबलावरून मलाही शिकवली. गहू कधी पेरायचा, याची त्यांची खास रीत होती. लालबागेमागच्या त्यांच्या घरी खिडकीत खोबरेलाची बाटली असे. पहाटे तेल गोठलेलं दिसलं की गावाकडे फोन, "बद्रीजी, जम गया. बो दो." बद्रीजींची उताराची काळी जमीन वीस वर्षं या एका फोनवर पेरली गेली. आम्ही सरांना त्यावरून भरपूर चिडवायचो.

मग हिवाळेच उबदार व्हायला लागले. सोयाबीन काढायचं, शेत नांगरायचं आणि थंडीची वाट पाहायची... थंडीऐवजी पाऊस यायचा. उघडी, भुसभुशीत माती एका दुपारीत नाल्यात जायची. गेल्या हिवाळ्यात सरांबरोबर तिथे गेलो. उतारावरचा एक दगड पूर्वी वीतभर दिसायचा, तो आता गुडघ्याच्या वर आला होता. वारा नाही, पाखरू नाही. सर त्या दगडापासून जरा लांबच थांबले.

"दरवर्षी थोडा थोडा वर येतोय बघ," ते म्हणाले. "मीच बोलावलंय त्याला."

त्याच दिवशी त्यांनी बद्रीजींना सांगून टाकलं, "तेल-वेल छोड़ो. अगली बार थंड की राह मत देखो, पहले ही बो दो." बद्रीजी नुसते हसले. "तेल जम्या बिना कैसे बो दूँ, सरजी?" वीस वर्षांचा विश्वास सरांना मोडता आला नाही. परतताना गाडीत मला म्हणाले, "भिया, ती जमीन मी खाल्ली यार."

तेराव्यानंतर एका सकाळी सरांच्या घरी वहिनींकडे बसलो होतो. उकडत होतं. सरांचा मोबाइल वाजला. वहिनी तो अजून रोज चार्ज करतात. पलीकडे बद्रीजी होते; सर गेल्याचं त्यांना अजून कळलं नव्हतं. शेत नांगरून पडलं होतं.

"माताजी, सरजी को तेल जम्यो?"

खिडकीतलं तेल पाण्यासारखं पातळ होतं. वहिनी उठल्या, बाटली उचलून फ्रिजमध्ये ठेवली आणि दार लावून घेतलं.

"हाँ बद्रीजी, जम गया. आज ही बो दो."

बद्रीजींनी पुन्हा विचारलं,

"सरजी ने खुद देख्यो?"

वहिनींनी माझ्या पाठीमागच्या, सरांच्या खुर्चीकडे पाहिलं. "हाँ," त्या म्हणाल्या. "देख रहे हैं."

मागे वळून बघायचं माझं धाडस झालं नाही.