हिरवी पकड

दुकानात आले की ते आधी चपला काढायचे आणि मग डोळे मिटायचे. दोरी हातात घेऊन तोंड भिंतीकडे करायचे आणि अंगठा नि दोन बोटांच्या मधून ती सावकाश सरकवत न्यायचे, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मध्ये कुणी बोललेलं चालायचं नाही. एकदा तर त्यांनी मला पंखा बंद करायला लावला, म्हणे आवाजानं बोटं बिघडतात. बाकीची गिऱ्हाइकं तोवर ताटकळत उभी. मी दर वेळी ठरवायची, की आज या माणसाला सरळ सुनवायचं, बाबा रे, ही दोरी आहे, तू मुलगी बघायला आलेला नाहीस. सुनवलं मात्र कधीच नाही.

एखाद्या जागी बोटं थांबली की डोळे उघडायचे. "शंका आली," म्हणायचे. मी सांगायची की अहो, कोरी आहे, आत्ता तुमच्यासमोर गुंडाळी फोडली. त्यावर ठरलेलं उत्तर यायचं.

"शंका आली न्हवं, आक्का? मग ती गेली."

मंगळवार पेठेतलं आमचं दुकान सासऱ्यांपासूनचं. दावी, कासरे, मांडवाची सुतळी, नायलॉनचे दोर. दोर विकणारीला माणसं बरोबर ओळखू येतात. म्हैस बांधणारा दोर ओढून बघतो, मांडववाला भाव विचारतो, आणि ज्याचा जीव दोरावर असतो तो गप्प बसून चाचपतो. झाडं छाटायला दोरावर लटकणारं गिऱ्हाईक माझ्याकडे हे एकटेच. पेठेत सगळे त्यांना झाडवाले म्हणायचे, मीही तेच म्हणायची.

गरीब बिचारा कष्टकरी वगैरे समजू नका. आवाज चढा, मिशी वळलेली, आणि झाडावर चढण्याआधी केस ओले करून भांग पाडायची सवय. खाली बघायला चार माणसं नसली तर चढायचेच नाहीत. पुतण्याचं लग्न ठरवायला गेले आणि पोह्यांची बशी खाली ठेवून उठले, कारण शंका आली. वांगी घेताना शंका, मिसळीच्या कटावर शंका. बायको म्हणायची, "माझ्यावर कशी न्हाय आली?" त्यावर म्हणायचे, "तुला चाचपायच्या आधीच लगीन लावलं की." वहिनी पदर तोंडाला लावून हसायच्या. झाडाखाली त्यांच्या दोराचं टोक सांभाळायचं काम वहिनींचं. दुसऱ्या कुणाच्या हातात ते टोक द्यायचे नाहीत.

आता ही चाचपण्याची गोष्ट कशासाठी, ते सांगते. झाडावर उंच बेचक्यातून मोठा दोर खाली सोडलेला असतो. त्या दोराला हातभर लांबीची एक बारीक दोरी वेढे देऊन बांधायची आणि तिची टोकं कमरेच्या पट्ट्याला अडकवायची. वेढे हातानं ढिले केले की ती वरखाली सरकते, अंगाचा भार पडला की आवळून धरते. ते तिला पकड म्हणायचे. मोठा दोर वर्षं काढतो, पण ही पकड घासून आणि तापून मरते. वर नुसते धागे सुटून फेसाळली तर एवढं काही नाही. भराभर उतरताना ती तापून वितळते आणि गार झाली की तिथं चकाकी येते, ती वाईट. चकाकलेली दोरी धरत नाही. चपटी झालेली, ताठरलेली, बोटाखाली पोकळ लागणारी, तीही बाद. आणि एकदा जोराचा झटका खाल्ला, की दिसायला कितीही नवी असू दे, त्याच दिवशी काढायची.

काढायची म्हणजे नुसती फेकायची नाही. माझ्या दुकानातल्या ठोकळ्यावर ती ठेवून कोयत्यानं बोटाएवढे तुकडे करायचे. एवढी लांब दोरी आहे, रेडकू तरी बांधता येईल, असं मी एकदा म्हणाले. ते केवढ्यांदा ओरडले. "जी माणूस धरायची थांबली ती कुणाच्या हाताला लागू ने, आक्का. आज रेडकाच्या गळ्यात असंल, उद्या कोन तरी माझ्यासारखा कमरंला लावंल." त्यानंतर मी कोयता गुमान पुढे करायची.

एकच पकड त्यांनी तोडली नाही.

कुरुंदवाडला चिंचेवर होते. पायाखालची फांदी मोडली आणि ते दोरावर लटकले. पकड सर्रकन घसरली आणि मग आवळली. वहिनी त्या दिवशी माहेरी होत्या. संध्याकाळी ते दुकानात आले, पकड ठोकळ्यावर ठेवली, कोयता उचलला आणि तसेच उभे राहिले. हिरवी, जवळजवळ नवी दोरी. मधल्या वेढ्यांच्या जागी तेवढी काचेसारखी चकाकत होती.

"हिनं मला धरलं, आक्का. हिचं तुकडं कसं करू?"

मला रागच आला. म्हटलं, नियम तुमचाच ना? ते म्हणाले, पिशवीत नाही ठेवणार, घरी बुद्धाच्या फोटोखालच्या खिळ्याला अडकवीन, नुसती आठवण म्हणून. आणि वहिनींना काय सांगणार, असं विचारलं तेव्हा म्हणाले, "सांगतो की, लई भारी दोरी हाय म्हणून. फांदीचं कशाला सांगू? उद्यापासनं टोक धरताना तिचं हात कापतील."

यानंतर कधीतरी त्यांची एक नवीच तऱ्हा सुरू झाली. दोरी बोटांतून न्यायचे, मग तीच दोरी ओठांवरून न्यायचे. डोळे मिटून, सावकाश. समोरचा पानवाला खदखदा हसायचा. मीही चिडवलं, वहिनींना सांगू का म्हणून. ते हसले नाहीत. एकदा चहाचा पेला त्यांनी काठाऐवजी अंगालाच मुठीत धरला. इतका कढत होता की मला तो टेबलावरून सरकवताना चटका बसला होता, आणि हे आपले मुठीत धरून गप्पा मारत बसले. मला वाटलं, मर्दानगी दाखवताहेत. तुम्हालाही तेच वाटलं असतं.

त्या सकाळी ते जुनी पकड तोडायला आणि नवी न्यायला आले. नेहमीसारखी हिरवीच. बोटांतून नेली, ओठांवरून नेली आणि मग कधी नव्हे ते माझ्यापुढे धरली. "बघा तुमी जरा." मी चाचपली, चांगली होती. माझी छाती फुगली, खोटं कशाला बोलू. जुनीचे तुकडे झाले. तेवढ्यात गडमुडशिंगीच्या दूध डेअरीवाल्याचा फोन आला. आवारातल्या शिरीषाची फांदी पत्र्यावर कलली होती आणि त्याला घाई होती. "वैनी पुढं आल्यात, दोर बी आलाय, तुमचीच वाट बघायलोय," असं तो ओरडत होता ते मलाही ऐकू आलं. हे तसेच गाडीला किक मारून गेले.

दुपारी टेबल पुसायला घेतलं तर पावतीवहीच्या आड नवी पकड तशीच पडलेली.

आधी मला हसू आलं. मग हात थांबला. जुनीचे तुकडे तर समोर केराच्या डब्यात होते. मग हा माणूस झाडावर काय बांधून चढला असेल? फोन लावला, उचलला नाही. चढताना फोन ते पिशवीतच ठेवायचे. मला तो खिळा आठवला. दुकानाचं शटर अर्धं ओढलं, पानवाल्याला लक्ष ठेवायला सांगितलं आणि गाडी काढली. रस्त्यात मी किती जणांना शिव्या दिल्या याची गणती नाही, त्यातल्या निम्म्या त्यांनाच होत्या.

डेअरीच्या आवारात माणसं माना वर करून उभी होती. ते वरच्या बेचक्यात उभे होते, भांग पाडलेला, कमरेला करवत. शिडीनं आणि फांद्या धरून चढले होते, त्यामुळे अजून दोरावर भार टाकलेला नव्हता. पकड नुसती त्यांच्याबरोबर वर सरकत गेली होती. आता बेचक्यातून पाय काढून, अख्खं अंग दोरावर टाकून त्यांना पत्र्यावरच्या फांदीकडे झोका घ्यायचा होता.

मी वहिनींसमोर नवी पकड धरली. "ही दुकानात राहिली. वर कुठली बांधलीय?"

"खिळ्याची," वहिनी म्हणाल्या. "सकाळी पिशवीत एकबी पकड न्हवती, म्हणून मीच घातली. लई भारी हाय म्हणालतं की. मीच बांधून दिली त्यास्नी." एवढं बोलून त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. "का वो आक्का?"

"ती झटका खाल्लेली आहे. ती धरणार नाही."

ते एक पाय उचलत होते. मी ओरडले. डेअरीचं यंत्र घरघरत होतं, आणि खालच्यांच्या आरडाओरड्याकडे लक्ष द्यायचं नाही ही त्यांची जुनीच खोड. वहिनींच्या हातात दोराचं टोक होतं. थांबा म्हणून सांगायचं तर दोर हिसडायचा, एवढीच त्यांची खूण. पण आता दोर हिसडला तर तोल जाणार आणि भार पडणार तो त्याच पकडीवर. वहिनींनी हातातलं टोक एकदम सोडून दिलं.

आणि त्यांनी नवऱ्याला नावानं हाक मारली. अहो नाही, ऐकलंत का नाही. नुसतं नाव, एकेरी, लहानपणच्या सवंगड्याला मारावी तशी. ते नाव मी इथं लिहीत नाही, ते वहिनींचं आहे. पण आवारातली सगळी माणसं वळून त्यांच्याकडे बघायला लागली, आणि वर उचललेला पाय परत बेचक्यात आला.

त्यांनी खाली पाहिलं. मी हिरवी पकड उंच धरली. त्यांनी ती पाहिली आणि मग कमरेजवळची पाहिली. बोटं तिच्यावर फिरवली, पुन्हा फिरवली. मग सगळ्यांच्या देखत वाकले आणि ती ओठांना लावली. गर्दीतलं कुणीतरी फिसकन हसलं. त्याच्या मुस्काटात द्यावी असं मला वाटलं. ते ओठ एका जागी थांबले ते थांबलेच. चढण्याआधी त्यांनी ओठ लावले नव्हते. एवढ्या माणसांपुढे भांग पाडून उभा राहिलेला माणूस कसा लावेल?

त्यांनी खोडाला मिठी मारली, पट्ट्याचं मोकळं टोक खोडाभोवती अडकवलं आणि बेचक्यातच बसले. वहिनींनी नवी पकड दोराच्या टोकाला बांधली, त्यांनी ती वर ओढून घेतली. डोळे मिटून बांधायला गेले आणि ती हातातून निसटून खाली पडली. ती पडल्याचं त्यांना कळलंही नाही, बोटं तशीच रिकाम्या हवेत वेढे देत होती. आता आवारात कुणीच हसत नव्हतं.

वहिनींनी ती पुन्हा वर पाठवली आणि आवाज चढवून म्हणाल्या, "डोळं मिटू नगा. आज बोटांवर जाऊ नगा, बघून बांधा."

त्यांनी बघून बांधली. एकेक वेढा डोळ्यांनी तपासत, पहिल्यांदा शिकणाऱ्यासारखी. मग हळूहळू उतरले.

"बोटं कधीपासनं गेलीत?" असं मी विचारलं. साखरेच्या आजारानं, म्हणाले, बरेच दिवस झाले. वहिनींना ते ठाऊक होतं. तव्यावरची भाकरी हातानं उलटताना फोड आला तरी या माणसाला कळत नाही, हे त्या रोज बघत होत्या आणि तो आपणहून सांगेल म्हणून वाट बघत होत्या. "आता कुरुंदवाडचं सांगा," त्या म्हणाल्या. त्यांनी सांगितलं. वहिनींनी डेअरीच्या गवताच्या ढिगावरचा कोयता घेतला आणि ती खिळ्याची पकड झाडाच्या मुळीवर ठेवून तिचे तुकडे केले. हात जराही कापले नाहीत.

ती फांदी तशीच राहिली. ती नंतर डेअरीवाल्यानं यंत्र बोलावून काढली.

काही दिवसांनी दोघं दुकानात आले. झाडवाल्यांच्या खांद्यावर मोठा दोर, पट्टा आणि ती नवी पकड. चपला काढल्या, पण डोळे मिटले नाहीत. सगळं ठोकळ्यावर ठेवलं आणि कोयता मागितला. वहिनी पायरीवरच थांबल्या, रस्त्याकडे तोंड करून.

"अहो, ही पकड कोरी आहे," मी म्हणाले. "एकदाच उतरलात तिच्यावरून. मोठा दोरही चांगला आहे. दुसऱ्या कुणाला तरी होईल. काय झालंय यांना?"

"ह्यास्नी काय न्हाय झालं." त्यांनी दोन्ही हात माझ्यापुढे उपडे धरले, मग उताणे केले. "पर हे घरात असलं तर एक दिवस मीच चढीन. मला मी ठावं हाय की. शंका आली न्हवं, आक्का?"

पुढचं वाक्य ते बोलले नाहीत, आणि मलाही बोलवलं नाही. मोठा दोर तोडायला वेळ लागला. पकडीचे तुकडे शेवटी केले, बोटाएवढे, नेहमीसारखे. तळहातानं ते गोळा करून माझ्या डब्यात टाकले, हात झटकले, चपला घातल्या आणि निघाले. त्यानंतर ते दुकानात आलेले नाहीत. वहिनींच्या माहेरी राहायला गेले असं ऐकते.

मी दारापर्यंत गेले होते. पेठेच्या गर्दीत वहिनी पुढे आणि ते मागे, हात मोकळे सोडून चालले होते. उजव्या हाताच्या दोन बोटांच्या मध्ये हिरवा तुकडा अडकून राहिला होता. त्यांना तो कळला नव्हता. मी हाक मारली नाही.