दाऊदभाईंचा वेगळा ग्लास

दाऊदभाई गेल्याचं त्यांच्या मुलीने, रुक्सानाने, फोनवर सांगितलं. सकाळची नमाज झाली, चहा मागितला आणि चहा येण्याआधीच हृदय थांबलं. मी भाट्ये गावातल्या नर्सरीत कलमांना पाणी घालत होते. झारी खाली ठेवली आणि तिथेच बसून पोटभर रडले...

आमची ओळख गटातली. स्किझोफ्रेनिया त्यांना होता, तसा मलाही आहे. दर शनिवारी रत्नागिरीत एका दवाखान्याच्या माडीवर आम्ही काही जण जमतो आणि आपापली गोष्ट सांगतो. 'मी वेडी' अशी कोणी सुरुवात केली, की आमच्या समुपदेशक नीताताई विचारतात, "हे तुम्हाला पहिल्यांदा कोण म्हणालं?" दाऊदभाई पहिल्या दिवशी आले ते पिशवीत स्वतःचा स्टीलचा ग्लास घेऊन. उंचेपुरे, अर्धं आयुष्य बोटीवर खलाशी म्हणून काढलेले, पण दाराशी अंग चोरून बसले. चहा त्याच ग्लासात घ्यायचा आणि विसळून पुन्हा पिशवीत ठेवायचा. घरीही ताटवाटी वेगळी. मला वाटलं, घरच्यांनीच हे केलं असणार, आणि मी मनातल्या मनात त्यांचा उद्धारही केला. नीताताईंनी मात्र सरळ विचारलं, "ग्लास वेगळा ठेवायला कोणी सांगितलं?" दाऊदभाईंनी ग्लास पिशवीत खोल सरकवला.

"कोणी नाय सांगितला. माझा मीच वेगळा ठेवला. माझा आजार दुसऱ्याला लागला तर?"

तेव्हा रुक्सानाचा निकाह ठरला होता. त्यांच्याकडे दावतीला व्याही-व्याही एकाच थाळ्यात जेवतात. वेगळं ताट मागावं तर व्याह्यांचा अपमान, एका थाळ्यात बसावं तर हात पुढे होत नाही. म्हणून त्या दिवशी सावर्ड्याला भावाकडे जाऊन बसायचं त्यांनी ठरवलं होतं. मी मुळातच तोंडाळ. म्हटलं, "म्हणजे आजार राहणार लग्नाला आणि बाप जाणार सावर्ड्याला?" ते हसले. गटात मी त्यांना हसताना पहिल्यांदाच पाहिलं.

मग कित्येक शनिवार आम्ही त्यांची गोष्ट ऐकली. कानातल्या आवाजांना त्यांनी नाव दिलं, सारंग. बोटीवर खलाशांवर ओरडतो तो मुकादम. "ओरडू दे. जहाज काय त्याचा नाय," असं एके दिवशी ते आपणहून म्हणाले. वादळात दोर धरून उभा राहिलेला खलाशी, लेकीला खाडीत पोहायला शिकवणारा बाप, हे सगळे त्यांच्याच गोष्टीत होते. पण सारंगाने दाऊदभाईंना त्यांच्यापर्यंत कधी पोचूच दिलं नव्हतं.

निकाहनंतरच्या शनिवारी आले ते ताठ मानेने. "व्याह्यासंगती जेवलो. सारंग पन आलेला. त्याला नाय वाढला," म्हणाले. चहा प्यायले, ग्लास विसळला आणि पिशवीत न टाकता आमच्या ट्रेमध्ये, इतर ग्लासांत ठेवून दिला.

परवा एक नवी बाई आली. दाराशी बसली. चहा नको म्हणाली, स्वतःची बाटली पदराखाली धरून. मी ट्रेमधला दाऊदभाईंचा ग्लास उचलला, अर्धा चहा मी प्यायले आणि उरलेला तिच्यापुढे धरला. तिने इकडेतिकडे पाहिलं... आणि घेतला.