माझ्या आवाजातलं वचन

रोज सकाळी माझा आवाज शिरूरच्या चर्चच्या मंडळीला सलाम करतो. "सलाम मंडळी, आजचं वचन ऐकू या," म्हणतो, बायबलमधलं वचन वाचतो, कुणाचा वाढदिवस असला तर शुभेच्छा देतो, कुणी वारलं असलं तर घरच्यांचं सांत्वन करतो. त्या वेळी मी दौंडला रेल्वे क्वार्टरमध्ये गॅसपाशी उभी असते आणि तोंडात लवंग धरलेली असते. तोवर मी एक शब्दही बोललेली नसते. मी ग्रुप सोडला, पण माझा आवाज तिथंच राहिला. हे कसं झालं ते सांगते, कारण ज्यांनी मला विचारायला हवं होतं त्यांनी अजूनही विचारलेलं नाही.

माझं माहेर शिरूरचं. लॉकडाऊनमध्ये चर्च बंद झालं तेव्हा पाळकसाहेबांनी सगळ्या कुटुंबांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला आणि मला फोन केला, "ताई, तुमचं वाचन स्वच्छ आहे. रोज एक वचन वाचून टाकाल का?" लग्नाआधी मी तिथल्या रविवारशाळेत शिकवायचे, म्हणून त्यांना माहीत. मी हो म्हटलं. पुढं चर्च उघडलं, पण काम सुटलं नाही, उलट वाढलं. रविवारच्या उपासनेचं लाइव्ह, फेसबुकचं पान, सणाची पत्रिका, निधनाची बातमी, हे सगळं दौंडला बसून मी आणि शिरूरला बसून माझा धाकटा भाऊ असं दोघं सांभाळू लागलो. कॅमेरा, कॉम्प्युटर आणि वायरी त्याच्याकडं, शब्द आणि आवाज माझ्याकडं. तो रांजणगावच्या एका कंपनीत आहे. मशीनशी त्याचं चांगलं जमतं. माणसांशीही जमतं असं मला तेव्हा वाटायचं.

ज्यांनी हे काम केलेलं नाही त्यांना ते बसल्या जागेचं वाटतं. निधनाची बातमी टाकावी तर खाली कुणीतरी केकचं चित्र चिकटवतं, कारण आधीची पोस्ट वाढदिवसाची असते आणि चष्मा दुसऱ्या खोलीत असतो. लाइव्ह सुरू झालं की एक मामा दर रविवारी लिहायचे, "आवाज येत नाही." आवाज त्यांनीच बंद केलेला असायचा. मी दर रविवारी तितक्याच गोडीनं लिहायचे, "मामा, बाजूचं वरचं बटण दाबा." पुढच्या रविवारी पुन्हा तेच. तरी खोटं कशाला बोलू, मला हे सगळं आवडायचं. दौंडला मी कुणाची तरी बायको, कुणाची तरी शेजारीण. शिरूरच्या ग्रुपवर मी वचनवाल्या ताई होते. कारेगावात खोल्या करून राहणारी मंडळीतली पोरं कंपनीच्या बसमध्ये मला ऐकायची आणि हात जोडल्याची खूण पाठवायची.

पण मी वाचायचे ते एकाच माणसासाठी, आईसाठी. शुगरनं तिचे डोळे गेले. आता उजेड आणि सावली एवढंच कळतं. ती भावाकडं असते. भाऊ-भावजय दोघंही कामावर, त्यामुळं दिवसभर ती आणि रेडिओ. मी रेकॉर्डिंग सुरू केलं की आधी म्हणायचे, "आई, ऐकतीस ना गं?" मग सलाम, मग वचन. ग्रुपवर टाकताना तेवढं पहिलं वाक्य कापून मागं पेटीचे सूर जोडायचे आणि आईला न कापलेलं, नुसत्या आवाजाचं पाठवायचे. भाऊ कामावर निघण्याआधी ते तिच्या कानाशी लावून द्यायचा. ती मोबाइललाच उत्तर द्यायची, "ऐकती गं, वाच." पोळ्या उरकल्या की मी फोन करायचे आणि मग आमचं खरं बोलणं व्हायचं. काय खाल्लंस, पाय सुजलेत का, शेजारची येऊन गेली का. फोन ठेवताना ती हटकून विचारायची, "कवा येतीस?" मी वार सांगायचे आणि त्या वारी जायचे. एकदाही चुकवलं नाही. आईला दिसत नाही, तिला आपल्या बोलण्यावरच विसंबावं लागतं, हे मी कधी विसरले नाही.

गेल्या वर्षी माझा घसा बसायला लागला तो सुधारेचना. पुण्याच्या डॉक्टरांनी घशात कॅमेरा घालून पाहिलं. स्वरयंत्रावर गाठ निघाली. ऑपरेशन छोटं होतं, पण आधीचे आणि नंतरचे दिवस मिळून दीड महिना तोंड बंद. कुजबुजायचं पण नाही, धुळीतून प्रवास नाही. नवरा म्हणाला, मी सासूबाईंना फोन करून सांगतो. मी मानेनंच नको म्हटलं. जावयाच्या तोंडून ऑपरेशन ऐकलं असतं तर आईनं धसका घेतला असता. भाऊ जवळ बसून, हात हातात घेऊन सांगेल ते बरं. त्याला लिहिलं, "वचन थोडे दिवस बंद ठेव, नाहीतर जुनी लाव. आणि आईला नीट समजावून सांग. बोलता आलं की पहिला फोन तिला." त्याचं उत्तर आलं, "काळजी करू नको ताई." संध्याकाळी मी पुन्हा विचारलं, "सांगितलंस?" तो म्हणाला, "सांगितलं. बरं म्हणाली."

मी ते खरं धरलं. सख्ख्या भावाचं खरं धरायचं नाही तर कुणाचं धरायचं?

ग्रुपवर वचन रोज येत होतं. जुनंच असणार म्हणून मी लावून पाहिलं नाही. आपल्याला बोलता येत नसताना आपलाच आवाज ऐकायला नको वाटतं. मग एका सकाळी कारेगावच्या एका बाईंनी खाली लिहिलं, "ताई, माझ्या नातवाचं नाव तुमच्या तोंडून ऐकून भरून आलं." मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. तो नातू त्याच आठवड्यात जन्मला होता आणि मी तर ऑपरेशन होऊन मुकी बसले होते.

वचन लावलं. मीच होते. माझा सलाम, माझं "ऐकू या", वाक्याच्या शेवटी जरा खाली उतरणारा माझा सूर. पोराचं नावही मायेनं घेतलं होतं. फक्त मी वाचताना मध्ये श्वास घेते तो कुठं नव्हता. नवऱ्याला ऐकवलं तर तो म्हणाला, "छान वाचलंयस की. कधी वाचलंस?" मग त्याची नजर माझ्या गळ्याच्या मफलरकडं गेली.

भावाला लिहिलं. त्यानं आधी हसरा चेहरा पाठवला. मग समजावलं. इंटरनेटवर एक सोय आहे. तिला एखाद्याच्या आवाजाचे नमुने दिले की ती तो आवाज शिकते, मग आपण जे टाइप करू ते त्याच आवाजात वाचते. चर्चच्या समितीला दाखवलं तर सगळे खूश झाले म्हणे. "सेवा थांबायला नको ना ताई." समितीला माझी परवानगी आहे असं कुणी सांगितलं, मी विचारलं. "मी. तू नाही थोडीच म्हणणार होतीस?"

पाळकसाहेबांनाही लिहिलं. त्यांचं उत्तर आशीर्वादासकट लांबलचक आलं. त्यातलं एक वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. "ताई, आवाज हे देवानं मंडळीला दिलेलं दान आहे, ते एकट्याचं नसतं." गाठ मात्र माझ्या एकटीची होती. आमच्या ग्रुपवर कुणाचा दात काढायचा असला तरी प्रार्थनेची विनंती जाते. माझ्या ऑपरेशनच्या दिवशी गेली नाही. जाणार कशी? मी तर रोज ठणठणीत वाचत होते. पाळकसाहेब, समिती आणि माझा भाऊ यांच्यापलीकडं कुणाला माझं दुखणं कळूच दिलं नव्हतं. इतक्या वर्षांच्या कामाची ही पावती मला मिळाली आणि ती मी विसरणार नाही.

भांडायलाही आवाज लागतो हे मला तेव्हा समजलं. लिहून भांडता येत नाही. आपण इकडं पानभर टाइप करतो, आणि समोरचा वाचल्याची निळी खूण दाखवून जेवायला बसतो. तरी एक गोष्ट विचारलीच. ग्रुपवरच्या माझ्या सगळ्या वाचनांमागं पेटी वाजते, मग तू नुसता आवाज घेतलास कुठून? उत्तर आलं, "आईच्या मोबाइलमधून. तिथले नमुने स्वच्छ होते आणि भरपूर होते."

त्या दिवशी मी जेवले नाही. ग्रुपवरचं काहीही घेतलं असतं तरी मी एक वेळ गिळलं असतं. ते मेसेज आईचे होते.

दीड महिना संपला. आवाज आला, पण फाटका आला. डॉक्टर म्हणाले, बहुधा असाच राहील. मला त्याचं तेवढं वाईट वाटलं नाही, मला फोन करायचा होता. केला. भावजयीनं उचलला, म्हणाली, "आई झोपल्यात." दुसऱ्या दिवशीही झोपलेल्याच. तिसऱ्या दिवशी ती हळू आवाजात बोलली, "ताई, त्या न्हाई म्हणत्यात फोनला. तुम्ही याच. मला फोनवर न्हाई सांगता यायचं."

न्हावऱ्याला एसटी बदलून मी शिरूरला पोचले. कंपनीला सुट्टी होती, भाऊ घरीच होता. मला बघून तो उठून उभा राहिला आणि दारातच थांबला. आई पलंगावर भिंतीकडं तोंड करून बसली होती. मी शेजारी बसून तिचा हात हातात घेतला. तिनं माझ्या बांगड्या चाचपल्या, मला ओळखलं आणि हात काढून घेतला.

"आलीस?" ती म्हणाली.

"आले."

"आता आवाज बदलून बोलतीस व्हय? लाज वाटली आसंल."

मी सांगितलं. गाठ, ऑपरेशन, दीड महिना तोंड बंद. सांगताना मधूनच आवाज तुटत होता.

"त्वांड बंद?" ती हसली. आईला तसं हसताना मी कधी ऐकलं नव्हतं. "रोज सकाळी म्हनतीस, आई, ऐकतीस ना गं? मी म्हनती, ऐकती. मंग इचारती, कवा येतीस? तू आपलं वचन वाचतीस आन् बंद. फोन न्हाई, काय न्हाई. लोकांच्या नातवंडांची नावं घ्यायला तुला येळ हाय. मी रोज इचारलं गं. रोज."

मी भावाकडं पाहिलं. म्हणजे ते पहिलं वाक्यसुद्धा. जे मी मंडळीसाठी कापायचे, तेही त्यानं त्या मशीनला शिकवलं होतं. आणि रोज सकाळी तिच्या शेजारी उभं राहून, ती काय विचारते ते ऐकून, मोबाइल बंद करून तो कंपनीची बस पकडत होता.

"सांग तिला," मी म्हणाले.

तो माझ्याजवळ येऊन अगदी हळू म्हणाला, "जुनी लावली तर ती वळखायची ताई. म्हनायची, हे मागं झालंय, आजचं लाव. रडायला लागली. म्हटलं दीड महिन्याचा तर प्रश्न हाय."

"काय म्हनतोय त्यो?" आईनं मान वळवली. "काय रं? हिचं त्वांड बंद व्हतं तर सकाळी वाचत कोन व्हतं? तू तर हितंच व्हतास."

आता तरी तो बोलेल असं मला वाटलं. त्यानं माझ्याकडं बघून छातीशी हात जोडले. आईला ते दिसणार नव्हतंच. मग नेहमीच्या आवाजात म्हणाला, "ताईच की आई. दुसरं कोन?"

मी ओरडले. डॉक्टरांनी ओरडायला सक्त मनाई केली होती. हा खोटं बोलतोय, ते मशीन होतं, माझा आवाज चोरून यानं मशीनमध्ये घातला, असं सगळं भडाभडा सांगितलं. त्यातलं निम्मं घशातच राहिलं. आईनं शांतपणे ऐकून घेतलं. लहानपणी मी काहीतरी मोडून मांजरावर ढकललं की ती अशीच ऐकायची.

"मशीन कशाला म्हनंल मला आई?" ती म्हणाली. "मी काय लागती त्याची?"

भाऊ चप्पल घालून बाहेर गेला. बाहेरून त्याच्या गाडीचा आवाज आला आणि दूर गेला. मी आईच्या कानाशी वाकले, होता नव्हता तो आवाज गोळा केला आणि म्हणाले, "आई, ऐकतीस ना गं?"

तिनं चादर गुडघ्यांवर ओढून घेतली.

"सकाळीच ऐकलं की," ती म्हणाली.